बाहेर कडी, आत मोकळं रान: नव्या ओपीएनसेन्सच्या मूळ सेटिंग्ज

वागळे इस्टेटमधलं २० माणसांचं ऑफिस असो, महापेतला छोटा कारखाना असो की घोडबंदर रोडवरच्या सोसायटीची कचेरी, ओपीएनसेन्स, म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्या मध्ये पहारा देणारं फायरवॉल, बसवून झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता बाहेरून कुणी आत घुसणार नाही ना?" नाही घुसणार, तुम्ही स्वतः दार उघडून दिलं नाहीत तर. त्या बाजूची कडी कंपनीतूनच लावून येते आणि ती चांगली घट्ट असते. आतल्या बाजूला मात्र मोकळं रान आहे, आणि त्याबद्दल विचारणारे फार थोडे. म्हणून या पोस्टमध्ये बाहेरचं थोडक्यात आणि आतलं सविस्तर.

इथे लिहिलेलं बरंचसं पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉललाही लागू पडतं, कारण दोघांचं घराणं एक. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००१ साली आलेलं पीएफ हे पॅकेट फिल्टर (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, गाळणारा भाग) दोघांच्या पोटात आहे, दोघं फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. मोनोवॉल या जुन्या फायरवॉलमधून २००४ मध्ये पीएफसेन्स फुटलं आणि त्यातून जानेवारी २०१५ मध्ये ओपीएनसेन्स. फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगतो.

बसवतानाच्या तीन गोष्टी

यूएसबीवरून बसवायचं तर व्हीजीए नावाची इमेज (बसवायची फाइल) घ्या. ती दाबलेल्या स्वरूपात उतरते. ती न उलगडताच पेनड्राइव्हवर लिहिली की मशीन बूट होत नाही आणि दोष उगाच पेनड्राइव्हला जातो. इन्स्टॉलर फाइल सिस्टिम विचारतो तेव्हा झेडएफएस निवडा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि यूएफएस या दुसऱ्या पर्यायावर अचानक वीज गेली की पुढच्या बूटला डिस्क तपासणीत अडकण्याची शक्यता जास्त. झेडएफएसचा आणखी एक फायदा म्हणजे २४.७ आवृत्तीपासून स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) थेट वेब इंटरफेसमधून, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या कारभाराच्या पानावरून, घेता येतात. अपडेट बिघडलं तर मागे जायला वाट राहते. तरी छोटा यूपीएस लावाच.

तिसरी गोष्ट नेटवर्क कार्डाची. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा रिअलटेकचं कार्ड असतं. फ्रीबीएसडीशी त्याचं फारसं जमत नाही. लोड आला की लाइन मध्येच बसते. त्यासाठी वेगळ्या ड्रायव्हरचं प्लगइन मिळतं, पण शक्य असेल तर इंटेलचंच कार्ड घ्या.

पहिल्या दिवशीचा घोळ: दोन्हीकडे १९२.१६८.१

मूळ सेटिंगमध्ये लॅनचा (आतल्या नेटवर्कच्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१.१ असतो. आपल्याकडच्या फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला डबा, म्हणजे ओएनटी, त्याचा पत्ताही बऱ्याचदा तोच. मग वॅनला (इंटरनेटच्या बाजूला) त्या डब्याकडून १९२.१६८.१.काहीतरी मिळतं, लॅनही त्याच मालिकेत, आणि फायरवॉलला कळत नाही की पॅकेट कुठल्या बाजूला टाकायचं. इंटरनेट चालत नाही, कधी वेब इंटरफेसही उघडत नाही, आणि माणूस नियमांमध्ये चूक शोधत बसतो. चूक नियमांत नसतेच.

वॅनची केबल काढा. कन्सोलवर, म्हणजे मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावून दिसणाऱ्या मेनूत, पर्याय २ निवडा, लॅनला १९२.१६८.१०.१ आणि मास्क २४ द्या, डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेची) मालिकाही तिथेच बदला, मग वॅन जोडा. याहून चांगलं म्हणजे फायबरवाल्याला डबा ब्रिज मोडमध्ये (लाइन नुसती पुढे सरकवेल असा) टाकायला सांगून पीपीपीओई, म्हणजे लाइनचं लॉगिन, फायरवॉलवरच घेणं. तो "त्याची गरज नाही साहेब" म्हणेल. गरज असते, नाहीतर एकावर एक दोन नॅट (आतल्या पत्त्यांची बाहेरच्या पत्त्याशी अदलाबदल) होतात आणि पुढे व्हीपीएनच्या (बाहेरून आत यायच्या सुरक्षित वाटेच्या) वेळी डोकं खाजवावं लागतं.

पासवर्ड लगेच बदला. ओपीएनसेन्सला रूट आणि ओपीएनसेन्स, पीएफसेन्सला ॲडमिन आणि पीएफसेन्स, हे जोड सगळ्या जगाला पाठ आहेत. पहिल्यांदा वेब इंटरफेस उघडताना ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल इशारा देतो, कारण प्रमाणपत्र मशीननं स्वतःच बनवलेलं असतं. डोळे मिटून पुढे जाऊ नका. ओपीएनसेन्सच्या कन्सोलवर त्याच प्रमाणपत्राचा शा२५६ ठसा (ते ओळखायची अक्षर-आकड्यांची खूण) दिसतो. ब्राउझरमधला ठसा त्याच्याशी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

कन्सोलवरून आठवलं. ओपीएनसेन्स कन्सोलवरही लॉगिन मागतं. पीएफसेन्समध्ये मूळ सेटिंगनुसार कन्सोलचा मेनू कुलपाशिवाय असतो, म्हणजे मॉनिटर आणि कीबोर्ड लावणाऱ्या कुणालाही पासवर्ड रीसेट करता येतो. मशीन सोसायटीच्या जिन्याखालच्या मीटर रूममध्ये ठेवणार असाल तर हे आधी बंद करा.

बाहेरची बाजू

वॅनवर एकही नियम नसतो, आणि तीच त्याची ताकद. ओपीएनसेन्समध्ये ज्याला परवानगी नाही ते गुपचूप टाकून दिलं जातं. आतून गेलेल्या मागणीचं उत्तर मात्र परत येतं, कारण फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद स्टेट टेबलमध्ये ठेवतं. पिंगलाही, म्हणजे 'आहेस का?' या हाकेलाही, उत्तर जात नाही. त्यामुळे लाइनवाला त्याच्या ऑफिसमधून पिंग करून "तुमची लाइन डाउन दिसतेय" म्हणाला तर घाबरू नका.

वॅनच्या पानावर दोन खुणा आधीच केलेल्या असतात: खाजगी नेटवर्क अडवा, आणि बोगन (कुणालाच न दिलेल्या पत्त्यांची) नेटवर्क अडवा. पहिलीमुळे १०, १७२.१६ आणि १९२.१६८ या मालिकांमधून वॅनवर येणाऱ्या नव्या जोडण्या थांबतात. ओपीएनसेन्समध्ये सीजीनॅटची (लाइनवाली कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते त्या पद्धतीची) १००.६४ ही मालिकाही त्यातच येते. फायरवॉल फायबरवाल्याच्या डब्यामागे असेल तरी ही खूण काढायची गरज नाही. आतून बाहेर जाणाऱ्या रहदारीला तिचा त्रास होत नाही. ती काढावी लागते एकाच वेळी: डब्याच्या वायफायवर बसलेल्या लॅपटॉपवरून फायरवॉलच्या आत शिरायचं असेल तर. आणि तसं करू नये.

आता एक हमखास फसवणारी गोष्ट. ऑफिसच्या आतून ब्राउझरमध्ये आपला पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) टाकला की फायरवॉलचं लॉगिन पान उघडतं. माणूस हादरतो: वेब इंटरफेस जगाला उघडा आहे! तसं नसतं. वेब इंटरफेस सगळ्या इंटरफेसवर (नेटवर्कच्या दारांवर) कान देऊन बसलेला असतो, पण तुमचं पॅकेट लॅनच्या दारातून आत आलं आणि लॅनला सगळीकडे जायची मुभा आहे; फायरवॉलचा वॅनचा पत्ता हाही त्या 'सगळीकडे'मधलाच एक. पीएफचे नियम पॅकेट ज्या दारातून आत येतं त्या दाराला लागतात, ते ज्या पत्त्यावर जातंय त्याला नाही. खरी तपासणी करायची तर मोबाइलचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून तोच पत्ता उघडून पाहा. काहीच न होता पान लटकून राहिलं की समजा कडी लागलेली आहे.

हा धक्का बसल्यावर काही जण वेब इंटरफेसचं कान देणं फक्त लॅनपुरतं करून टाकतात. करू नका. एखाद्या बूटला लॅनचा इंटरफेस उशिरा उठला तर पानच येत नाही. 'सगळे' हीच सेटिंग राहू द्या आणि अडवायचं ते नियमांनी अडवा.

आतली बाजू

लॅनवर दोन नियम आधीच असतात: आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीसाठी 'लॅनमधून कुठेही' आणि आयपीव्ही६ या नव्या पद्धतीसाठी तोच. ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. रिसेप्शनवरचा टीव्ही, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं थंब मशीन, पाहुण्याचा लॅपटॉप, अकाउंटंटचा टॅलीचा कॉम्प्युटर, सगळे एकाच ताटात आणि सगळ्यांना जगभर जायची मुभा. एखाद्या स्वस्त डीव्हीआरमध्ये काही शिरलं तर टॅलीच्या मशीनपर्यंत पोचताना त्याला फायरवॉल आडवं येतच नाही, कारण एकाच लॅनमधली रहदारी स्विचवरूनच जाते. फायरवॉलला ती दिसतही नाही. कितीही नियम लिहा, उपयोग शून्य.

म्हणून आधी वेगळे वाटे करा. व्हीलॅन (एकाच तारेवरून चालणारे वेगळे वाटे) समजणारा स्विच लागेल; ८ पोर्टचा साधा मॅनेज्ड स्विच छोट्या ऑफिसला पुरतो. ऑफिस १०, कॅमेरे २०, पाहुणे ३० असे आकडे द्या आणि पत्तेही त्याला जुळते ठेवा, म्हणजे १९२.१६८.१०, १९२.१६८.२०, १९२.१६८.३०. नंतर लॉग वाचताना मालिका बघूनच कळतं की पॅकेट कुणाचं. जुना वायफाय राउटर वापरणार असाल तर त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्टात लावलीत तर त्याच्यामागचे सगळे फोन फायरवॉलला एकच पत्ता म्हणून दिसतील. मात्र पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर न्यायचं तर व्हीलॅन कळणारा ॲक्सेस पॉइंटच (वायफाय देणारा डबाच) हवा.

इथे मूळ सेटिंग पुन्हा कडक होते: नव्याने जोडलेल्या इंटरफेसवर एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद. डीएचसीपी चालू केलं तर पत्ता मिळतो, कारण तेवढा नियम आपोआप बनतो, पण पुढे काहीच चालत नाही. "वायफाय जोडलं जातं पण नेट नाही" ही तक्रार इथली. वैतागून बरेच जण लॅनवरचा 'कुठेही' नियम जसाच्या तसा इकडे उतरवतात, आणि वाटे करण्याचा सगळा खटाटोप पाण्यात जातो.

पाहुण्यांच्या इंटरफेसवर चार नियम पुरतात, पण क्रम महत्त्वाचा, कारण वरून खाली वाचताना जो पहिला जुळेल तोच लागू होतो. सगळ्यात वर: पाहुण्यांच्या इंटरफेसच्या पत्त्यावर डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) ५३ पोर्टला परवानगी, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. मग 'धिस फायरवॉल' (फायरवॉलचे स्वतःचे सगळे पत्ते) या ठिकाणी जाणारं सगळं अडवा. मग तिन्ही खाजगी मालिकांचा एक एलियास (पत्त्यांचा नाव दिलेला गट) बनवून तिकडे जाणारं अडवा. शेवटी उरलेल्या सगळ्याला परवानगी. दुसऱ्या नियमात 'धिस फायरवॉल'च निवडायचं. नुसता लॅनचा पत्ता अडवलात तर पाहुणा त्याच्या स्वतःच्या गेटवेचा, नाहीतर पब्लिक आयपीचा पत्ता टाकून लॉगिन पानावर पोचतो. वर सांगितलेली तीच गंमत, फक्त या वेळी ती खरंच धोक्याची. आतल्या बाजूला 'ब्लॉक'ऐवजी 'रिजेक्ट' वापरा. फोनला लगेच नकार मिळतो, पान मिनिटभर फिरत बसत नाही.

कॅमेऱ्यांच्या वाट्याला तर इंटरनेट द्यायचंच कशाला? घड्याळ जुळवण्यापुरतं फायरवॉलच्या यूडीपी १२३ या पोर्टला जाऊ द्या, बस.

आता आयपीव्ही६. तुमच्या लाइनवर ते येत असेल तर नेमकी इथेच बहुतेकांची पाचर बसते. लॅनवर कुणी आयपीव्ही४ चा नियम आवळतं, मुलांच्या टॅबवर अमुक बंद, तमुक बंद, आणि शेजारचा आयपीव्ही६ चा 'कुठेही' नियम तसाच राहतो. अडवलेली साइट मग आयपीव्ही६ वरून बिनबोभाट उघडते. वरचा खाजगी मालिकांचा एलियासही फक्त आयपीव्ही४ जाणतो. आतल्या आयपीव्ही६ मालिका वेगळ्या अडवाव्या लागतात. दोन्ही सांभाळणं जमणार नसेल तर त्या वाट्यावर आयपीव्ही६ देऊच नका. अर्धवट ठेवण्यापेक्षा ते बरं.

नियम बदलला तरी फरक दिसत नाही? स्टेट टेबल आठवा. आधी जुळलेली जोडणी नवा नियम आल्यावरही चालूच राहते. फायरवॉल, डायग्नोस्टिक्स, स्टेट्स इथे जाऊन त्या पत्त्याच्या नोंदी काढून टाका, मग तपासा. सगळं टेबल एकदम रीसेट केलंत तर ऑफिसमधले सगळे कॉल एका क्षणात तुटतील, तेव्हा जेवणाची सुट्टी बघून करा.

स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नका

लॅनच्या नियमांच्या वर, आपोआप बनलेल्या नियमांच्या मिटलेल्या यादीत, अँटी-लॉकआउट नावाचा नियम असतो. लॅनवर काहीही चुकीचं लिहिलं तरी वेब इंटरफेसपर्यंतची वाट तो उघडी ठेवतो. पुढे फक्त एकाच मशीनवरून कारभार करायचा ठरवलात तर तो बंद करता येतो, पण आधी स्वतःच्या मशीनसाठी हातानं परवानगीचा नियम लिहा, तो चालतो याची खात्री करा, मगच. उलट क्रमानं केलंत तर कन्सोल गाठावा लागेल. तिथे पर्याय ८ मधून शेल (कमांड लिहायची जागा) घेऊन पीएफसीटीएल या कमांडला उणे डी दिलं की फिल्टर थांबतं आणि पान उघडतं. पण त्यासोबत नॅटही थांबतं, म्हणजे ऑफिसचं नेट बंद, आणि कुठलाही नियम लागू केला की फिल्टर पुन्हा चालू होतं. तेव्हा दुरुस्ती एकाच फटक्यात करायची. पर्याय ४ मूळ सेटिंगवर नेतो, तो शेवटचा उपाय.

एसएसएच (दुरून कमांड द्यायची वाट) ओपीएनसेन्स बसवल्यानंतर बंदच असतं, राहू द्या. लागलंच तर की (किल्लीची फाइल) वापरा, पासवर्डनं लॉगिन आणि रूटचं लॉगिन या दोन्ही खुणा मूळच्या कोऱ्याच ठेवा. वेब इंटरफेसचं सत्र मूळ सेटिंगमध्ये २४० मिनिटं टिकतं. चार तास म्हणजे फार झाले, १५–२० करा. दोन टप्प्यांचं लॉगिन आधी नसतं. ॲक्सेसच्या सर्व्हर्समध्ये टीओटीपीचा (मोबाइलवर सतत बदलणाऱ्या कोडाचा) सर्व्हर बनवून ते लावता येतं. ओपीएनसेन्समध्ये कोडासाठी वेगळा रकाना नाही. पासवर्डच्याच रकान्यात आधी सहा आकडे आणि त्याला चिकटून पासवर्ड. हे ठाऊक नसलेला माणूस तासभर "पासवर्ड चुकीचा" बघत बसतो. तिथेच टेस्टर दिलेला आहे, त्यात चाललं तरच लागू करा, आणि तोवर आधीच लॉगिन असलेल्या दुसऱ्या ब्राउझरमधून बाहेर पडू नका.

सोसायटीचे कॅमेरे आणि पोर्ट फॉरवर्ड

कमिटीला घरून कॅमेरे बघायचे असतात, डीव्हीआर लावणारा "दोन पोर्ट उघडून द्या" म्हणतो (म्हणजे पोर्ट फॉरवर्ड, बाहेरून आलेली मागणी थेट डीव्हीआरकडे पाठवणं), आणि घट्ट कडी आपल्याच हातानं निघते. लाइन सीजीनॅटवर असेल तर पोर्ट उघडूनही काही होत नाही. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला की समजा. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतलेला असेल तर खरंच उघडतं, आणि मग डीव्हीआरचं लॉगिन पान जगभरातले बॉट ठोठावत राहतात.

वर एक विचित्र तक्रार येते: मोबाइल डेटावर ॲप चालतं, सोसायटीच्या वायफायवर चालत नाही. कारण नॅट रिफ्लेक्शन (असं पॅकेट पुन्हा आत वळवणं) मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. आतून पब्लिक आयपीला गेलेलं पॅकेट फायरवॉलपाशीच थांबतं. उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्ड काढून वायरगार्ड हे व्हीपीएन लावणं. वॅनवर यूडीपी ५१८२० एवढा एकच नियम, कमिटीच्या प्रत्येक सभासदाला स्वतःची की, आणि वायरगार्डच्या इंटरफेसवरून फक्त डीव्हीआरच्या पत्त्याला परवानगी. सेक्रेटरी बदलले की जुनी की काढून टाकायची. पोर्ट फॉरवर्डच करायचं असेल तर लक्षात ठेवा की नॅट आधी होतं आणि नियम नंतर, त्यामुळे वॅनच्या नियमात ठिकाण म्हणून आतला पत्ता लागतो, पब्लिक नव्हे.

घड्याळ आणि लॉग

टाइमझोन मूळचा यूटीसी असतो, म्हणून लॉगमधल्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात. एशिया/कोलकाता निवडा. ऑफिस किंवा कंपनी असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश बघा: लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळवायचं, आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या. ओपीएनसेन्स लॉग मूळ सेटिंगमध्ये ३१ दिवस ठेवतं. पीएफसेन्स दिवस मोजतच नाही, फाइल भरली की जुनं फिरवून टाकतं. म्हणजे दोन्हीकडे रिमोट सिसलॉग लावून नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवणं आलं. एनटीपीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरच्या) यादीत समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन टाका.

मूळ नियमांनी अडवलेल्या प्रत्येक पॅकेटची नोंद होत असते, त्यामुळे वॅनचा लॉग पहिल्याच दिवशी लालभडक दिसतो. ती जगभरची रोजची खुडबुड आहे, तुमच्यावरचा हल्ला नव्हे. लाल रंग लॅनच्या किंवा कॅमेऱ्यांच्या बाजूला दिसला तर मात्र थांबून वाचा.

अपडेट आपोआप बसत नाहीत. मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये येतात, मध्ये छोट्या येत राहतात. फर्मवेअरच्या पानावर स्वतः जाऊन बघा आणि आधी स्नॅपशॉट घ्या. सगळं मार्गी लागलं की कॉन्फिगरेशनची प्रत उतरवून घ्या, पण उतरवताना एन्क्रिप्टची खूण करा. त्या एका फाइलमध्ये पासवर्डचे हॅश आणि व्हीपीएनच्या कीज सगळं असतं. ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची वस्तू नाही.